मारियाची सोडण्याआधी

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, मी मारियाची सोडतेय." व्हायोलिनं, गिटारी आणि ट्रम्पेटांचं हे मेक्सिकन लोकसंगीत वाजवणाऱ्या तुमच्या विद्यापीठाच्या ग्रुपमध्ये दोन तट पडलेत. एकाला जुन्या चालीतला एक सूरही हलवायचा नाही, दुसऱ्याला सगळंच नव्यानं बांधायचंय. त्या भांडणात कुणीतरी तुला ऐकवलं, "तुझा या संगीताशी संबंध काय?" त्या वेळी मी गप्प बसले. बोलले असते तर रागानंच बोलले असते. आता शांतपणे लिहितेय, तर पुरतं वाच.

ज्यांची रेकॉर्डिंग्ज ऐकून तू शाळेत चार वर्षं हात बसवलास, त्या मारियाची वर्गास दे तेकालित्लान या ताफ्याचीच हकीकत बघ. मेक्सिकोच्या हालिस्को प्रांतातलं तेकालित्लान हे गाव. १८९७च्या सुमारास गास्पार वर्गासनं तिथं चौघांचा ताफा उभा केला: दोन व्हायोलिनं, एक हार्प आणि त्याची स्वतःची गितार्रा दे गोल्पे, म्हणजे गिटारीच्या जातीचं तालाचं वाद्य. ट्रम्पेट नाही. तुमच्या ग्रुपमधला तो मुलगा ज्या आवाजाला "जुना" म्हणतो, तो आवाज मुळात तिथं नव्हताच. ट्रम्पेट या ताफ्यात आला १९४०च्या दशकात, मिगेल मार्तिनेसच्या हातून. दोन ट्रम्पेटांची जोडी तर आणखी नंतरची. म्हणजे आज ज्याच्याशिवाय मारियाची ओळखूच येत नाही, ते गास्पारच्या कानाला परकंच वाटलं असणार.

गास्पारचा मुलगा सिल्वेस्त्रे १९२१मध्ये व्हायोलिन घेऊन ताफ्यात आला आणि पुढे त्यानं बापाकडून कारभार हाती घेतला. मला हा माणूस फार आवडतो. जत्रा आणि लग्नं करत फिरणारा बापाचा ताफा त्यानं वाढवला, शिस्तीत आणला. १९३४मध्ये लासारो कार्देनास राष्ट्राध्यक्ष झाले, त्या सोहळ्यात वाजवायला हे लोक मेक्सिको सिटीला गेले आणि तिथंच राहिले. शहराच्या पोलीस खात्यानं त्यांना नोकरीवर ठेवलं, आणि ती नोकरी जवळजवळ वीस वर्षं टिकली. पुस्तकांत या गोष्टीला एखादं वाक्य मिळतं, पण माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट हीच. दरमहा पगार येऊ लागला की माणूस उद्याच्या भाकरीची चिंता सोडून रियाजाला बसू शकतो. बाबांच्या कंपनीतल्या त्या वाईट वर्षात तुझा व्हायोलिनचा क्लास आम्ही बंद केला नाही, तो याच समजुतीनं. १९३७पासून त्यांची रेकॉर्डिंग्ज आणि सिनेमे सुरू झाले, आणि पुढे सिनेमांची संख्या दोनशेच्या वर गेली.

आता जरा थांबून वाच, कारण इथून पुढचं थेट तुझ्यासाठी आहे. १९४४मध्ये सिल्वेस्त्रेनं रुबेन फुएन्तेसला घेतलं. सिउदाद गुस्मानचा, अठरा वर्षांचा पोरगा, पाश्चात्त्य शास्त्रीय व्हायोलिन शिकलेला. कानावर वाजवणाऱ्यांच्या घोळक्यात हा कागदावरचे स्वर वाचणारा! त्यालाही कुणी "तुझा संबंध काय" विचारलं असेल की नाही, देव जाणे. त्यानं काय केलं ते मात्र जगाला ऐकू येतं. व्हायोलिनांचे थर, ट्रम्पेटनं कुठं बोलायचं आणि कुठं गप्प राहायचं, गायकाला श्वास घ्यायला जागा कुठं ठेवायची, हे सगळं त्यानं लिहून काढलं, आणि सोबतच्यांना स्वरलिपी वाचायला लावली. पेद्रो इन्फान्ते, होर्हे नेग्रेते, लोला बेल्त्रान या गाजलेल्या मेक्सिकन गायकांच्या मागे वाजणारे वर्गास ते हेच. २०२२मध्ये तो गेला तेव्हा पंचाण्णव वर्षांचा होता.

पण सई, त्यानं 'सोन'ची, म्हणजे मारियाचीच्या मुळाशी असलेल्या जुन्या नाचाच्या गाण्यांची, चाल मोडली नाही, हे तुमच्या दुसऱ्या तटाला सांग. 'एल सोन दे ला नेग्रा' डोळ्यांपुढे आण. सुरुवातीला व्हायोलिनं एकाच जागी सावकाश गज ओढतात, मग वेग चढत जातो आणि एका क्षणी छोट्या गिटारीसारखी विहुएला नि खर्जाची मोठी गिटार गितार्रोन सगळ्यांना उचलून घेतात. तिथून सहा मात्रा कधी तीन-तीन पडतात, कधी दोन-दोन-दोन. तू दहावीत असताना स्वयंपाकघरात उभी राहून एका पायानं तीन धरायचीस आणि हातानं दोन, आणि चुकलीस की पहिल्यापासून. दादरा येत असूनही मला ते जमलं नाही, तुला जमलं. ती चाल अंगात भिनल्यावरच मांडणी बदलायचा हक्क येतो, असं मला वाटतं. त्याआधीचा बदल म्हणजे नुसती हौस.

१९७५मध्ये पेपे मार्तिनेस संगीत दिग्दर्शक झाला. तो ग्वादालाहारात स्वतःचं मारियाची चालवून आलेला. त्याच्या काळात वर्गासनी १९८७मध्ये अमेरिकन गायिका लिंडा रॉन्स्टॅटच्या गाजलेल्या अल्बमला साथ केली आणि २०१०मध्ये ह्यूस्टनच्या ऑपेराघरात चक्क मारियाचीचा ऑपेरा उभा राहिला, त्याचं संगीत पेपेचंच.

एका गोष्टीचं मला वाईट वाटतं आणि ते मी लपवणार नाही. वर्गासचे जुने फोटो कितीही उलट, सगळीकडे पुरुषच. व्हायोलिन वाजवणाऱ्या रेबेका गोन्सालेसला सत्तरच्या दशकात लॉस एंजेलिसमध्ये नाती कानोच्या लोस काम्पेरोस या ताफ्यानं घेतलं, आणि १९९४मध्ये तिथंच मारियाची रेना हा मुलींचाच ताफा सुरू झाला. तू व्हायोलिन घेऊन सहज उभी राहतेस, ती वाट या बायकांनी पाडलेली आहे.

आणि "तुझा संबंध काय" याचं उत्तर तर आपल्याच शहरात आहे. सान अँतोनियोत बेल ऑर्टिझ या बाईंनी १९७०च्या सुमारास शाळेत मारियाची शिकवायला घेतलं. १९७९मध्ये तिथं पहिलं आंतरराष्ट्रीय मारियाची संमेलन भरलं, तेव्हा शाळकरी पोरांना शिकवायला खुद्द वर्गास आले होते. ज्यांच्या घरचं हे संगीत, त्यांनीच ते वर्गातल्या बाकांपर्यंत आणून दिलं. त्याच बाकांवर तू शिकलीस. पाटील आडनावाच्या मुलीनं 'ला नेग्रा' वाजवलं म्हणून तेकालित्लानचं काही कमी होत नाही. फक्त त्या गावाचं नाव घेताना तू आदरानं घे आणि स्पॅनिश शब्द नीट उच्चार, एवढी जबाबदारी तुझ्यावर आहेच.

तेव्हा हे सत्र पूर्ण कर. मांडणीच्या भांडणात आधी जुनी आवृत्ती सगळ्यांनी न बघता वाजवून दाखवायची असं सुचव, मग बदलाचं बोला. कोण टिकतं ते आपोआप कळेल. सत्र संपल्यावरही सोडावंसं वाटलं तर सोड, मी एक शब्द बोलणार नाही.

गजाच्या केसांना रोझिन कमी लावतेस, असं बाबा म्हणतात. मागच्या व्हिडिओत त्यांना आवाज घसरल्यासारखा वाटला. ई तारेचा जोड पाठवलाय. कार्यक्रमाची तारीख कळव, आम्ही दोघं गाडीनं येऊ.

तुझी,
आई