विषय : पिकअपच्या टेंपरेचर काट्याची तक्रार न सोडवताच बंद केल्याबाबत

प्रति,
ग्राहक सेवा व्यवस्थापक

आत्ताच तुमच्या टोल-फ्री नंबरवर बोलून फोन ठेवला. माझी तक्रार ‘सोडवून बंद’ झाल्याचं कळलं, वर पाचपैकी पाच गुण द्या म्हणून विनंतीही झाली. काटा अजून लाल पट्ट्यात जातोय म्हटल्यावर उत्तर आलं, “मग नवीन तक्रार नोंदवा सर.” नोंदवणार नाही. जुनीच वाचा.

हेडलाइट लावले की टेंपरेचरचा काटा चढतो, बंद केले की उतरतो. सोबत डिझेलचा काटाही चढतो. म्हणजे दिवे लावले की टाकीत डिझेल वाढतं! तसं असेल तर सांगा, पंपावर जायचं बंद करतो. दोन काटे एकाच वेळी खोटं बोलतात तेव्हा दोष इंजिनात नसतो, डॅशबोर्डवरच्या मीटरच्या अर्थिंगमध्ये किंवा सप्लायमध्ये असतो, हे मार्केट यार्डासमोरचा वायरमनसुद्धा सांगतो. तुमच्या सर्व्हिस सेंटरने मात्र आधी सेन्सर बदलला, मग थर्मोस्टॅट, मग कूलंट. प्रत्येकाचं बिल वेगळं. तुमच्याच स्कॅनरवर कूलंट ८६ अंश, म्हणजे नॉर्मल, दिसत होतं आणि त्याच वेळी काटा लाल पट्ट्यात होता. तरी थर्मोस्टॅट बदलला.

आता तुमच्या अॅडव्हायझर साहेबांबद्दल. खुर्चीतून न उठता, मोबाईलवरची नजर न काढता म्हणाले, “काका, एप्रिलमधलं सोलापूर आहे. माणूस तापतोय, गाडी तापणारच.” मी म्हटलं, काटा रात्री चढतो, हैदराबाद रोडला, दिवे लावल्यावर. तर म्हणे, “रात्री पण उकडतंच की काका.” मी त्यांना गाडीपाशी नेलं. इंजिन रात्रभर बंद, बॉनेटला हात लावला तर गार. नुसती चावी फिरवली, काटा खाली. हेडलाइट लावले, काटा वर. दिवे बंद, काटा खाली. परत करून दाखवलं. यावर साहेब काय म्हणाले असतील? “इंजिन चालू न करता टेंपरेचर कसं चेक होणार?” आणि शेजारच्या पोराकडे बघून, मला ऐकू जाईल अशा बेतानं, “काका स्वतःच मेकॅनिक आहेत.” पोरगं हसलं. मग मला सांगण्यात आलं की आता पूर्ण मीटर बदलावं लागेल, आणि त्याने नाही भागलं तर इंजिनचं हेड (सिलिंडरवरचा भाग) उघडून बघू.

हेड उघडून! दिवे लावल्यावर काटा हलतो म्हणून!

बॅटरीच्या निगेटिव्हपासून मीटरच्या अर्थपर्यंत मल्टिमीटर लावायचा, दिवे चालू करायचे, किती व्होल्ट पडतात ते बघायचं. अर्थ चांगली असेल तर जवळपास शून्य येतं. पाच मिनिटांचं काम. ते कुणी केलं नाही, जॉब कार्डवर त्याचा उल्लेख नाही, आणि थर्मोस्टॅट मात्र बदलला.

मी कांदा भरून रात्री निघतो. नळदुर्गच्या अलीकडे काटा लाल झाला की भरलेली गाडी कडेला घेऊन, बॉनेट उघडून बघावं लागतं. दर वेळी काही नसतं. उद्या होजपाइप खरंच फुटला आणि काटा नेहमीचाच म्हणून मी चालवत राहिलो, तर हेड जाईल. त्याचंही बिल मलाच लावाल.

धंद्याची गाडी म्हणून ग्राहक आयोगात जाता येत नाही, हेही तुमच्याच माणसाने ऐकवलंय. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा त्यांना वाचायला द्या. स्वयंरोजगारावर पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू त्यात बसते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार टाकतोय, नंतर जिल्हा आयोग आहेच.

थर्मोस्टॅट, सेन्सर, कूलंट आणि मजुरीचे पैसे परत हवेत, आणि अर्थिंग तपासून त्याचा लेखी रिपोर्ट. फोन करू नका, लेखीच कळवा. घरात तुमचीच आधीची पिकअप वडिलांनी चालवली, म्हणून ही घेतली होती. धाकट्या भावाला आता दुसऱ्या कंपनीच्या शोरूममध्ये पाठवलंय.

एक ग्राहक,
सोलापूर

सोबत : सगळी बिलं, जॉब कार्डच्या प्रती, आणि इंजिन बंद असताना काटा चढतानाचा व्हिडिओ. अॅडव्हायझर साहेबांचा आवाजही त्यात आलाय.