क्लाउडचं बिल: शनिवारची बैठक

मंडळी, शनिवारी सायंकाळी ५ वाजता चिकलठाण्यात, नेहमीच्या जागी बसायचंय. जालना-बीडवाल्यांनी ऑनलाइन यावं. विषय: क्लाउडच्या (भाड्याच्या सर्व्हरच्या) मुंबई रीजनमधल्या, म्हणजे तिथल्या डेटा सेंटरमधल्या, आपल्या सामायिक खात्याचा खर्च आणि दिवाळीला लागणारे सर्व्हर.

तोवर एवढं करा:

- सर्व्हर ‘स्टॉप’ केला म्हणून मीटर थांबत नाही, डिस्कचं भाडं चालूच राहतं. शिवाय एडब्ल्यूएसवर (अ‍ॅमेझॉनची क्लाउड सेवा) फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक पब्लिक आयपीव्ही४ पत्त्याला (सर्व्हरचा इंटरनेटवरचा पत्ता) तासाला ०.००५ डॉलर पडतात. वापरात असो वा पडून. नको ते पत्ते सोडून द्या.
- प्रत्येक मशीनला (सर्व्हरला) मालकाच्या नावाचा टॅग, म्हणजे खात्यात दिसणारी चिठ्ठी, लावा. बिनटॅगची मशीन शुक्रवारी रात्री बंद करणार, मग ओरडायचं नाही.
- महिन्याभराच्या सीपीयू-मेमरी वापराचा आलेख आणा. अंदाजपंचे आकडे नकोत.

आणि नुसता बजेट अलर्ट (खर्च ठरवलेल्या रकमेपुढे गेल्याची सूचना) मेल पाठवतो, खर्च अडवत नाही.