मार्चच्या बर्फातल्या अनोळखी मदतनीसांचे आभार
मार्च उजाडला की अमेरिकेतल्या आम्हा मिनियापोलिसकरांना वाटतं, सुटलो. दिवसा पारा शून्याच्या वर, रात्री खाली. मेपलच्या झाडांतून रस पाझरायचा हाच मोसम. आणि नेमका तेव्हाच बर्फ कोसळतो. जानेवारीचा बर्फ भुरभुरीत, फावड्याने सहज उडतो. हा मात्र पाणी प्यायलेला, ओल्या सिमेंटसारखा जड. त्यात बर्फ हटवणारी गाडी रस्ता साफ करता करता आपल्या ड्राइव्हवेच्या तोंडाशी गुडघाभर बांध घालून जाते!

तो बांध परवा पहाटे कुणीतरी फोडून ठेवला होता. कोणी, ते अजून कळलेलं नाही. बसस्टॉपपाशी सासूबाईंचा हात धरून त्यांना ढिगाऱ्यावरून पलीकडे नेणारी मुलगी, आमच्या गाडीची चाकं जागच्या जागी फिरत होती तेव्हा स्वतःच्या डिकीतली वाळू खाली ओतून गाडी ढकलणारे दोघे... तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. तुमच्यापैकी कुणाला मराठी येतं की नाही, देव जाणे, तरी लिहितेय. सासूबाईंचं अजून चालूच आहे, "पोरीला साधा चहासुद्धा विचारला नाही."

पाडव्याची गुढी यंदाही खिडकीच्या आतच उभारावी लागणार, असं दिसतंय. श्रीखंड-पुरी मात्र आहे; दार वाजवा. आणि ते लाल दांड्याचं फावडं आमच्या पायरीवर राहिलंय, तेवढं घेऊन जा.