विषयांतराचा वाद जुनाच

महोदय,

गटाच्या विषयाशी संबंध नसलेले संदेश टाकणे आणि त्यावरून हमरीतुमरीवर येणे ही स्मार्टफोनची देणगी असल्याचा सूर अलीकडे वरचेवर ऐकू येतो. तो वस्तुस्थितीला धरून नाही. अमेरिकेतील विद्यापीठांतून १९७९-८० च्या सुमारास सुरू झालेल्या यूजनेटवर, म्हणजे संगणकांवरील विषयवार चर्चागटांच्या जाळ्यावर, असे वाद भरपूर झाले आणि त्यांमागे निव्वळ शिष्टाचार नव्हे, तर पैसाही होता. कारण संदेश टेलिफोनच्या तारेवरून एका संगणकाकडून दुसऱ्याकडे जात आणि त्याचे बिल कोणती तरी संस्था भरत असे. म्हणूनच तेथील एक प्रचलित प्रणाली संदेश पाठवण्यापूर्वी बजावत असे, की हा मजकूर हजारो यंत्रांवर जाईल व त्यासाठी शेकडो, कदाचित हजारो डॉलर खर्च होतील. तुमची नक्की खात्री आहे ना? १९८७ मध्ये गटांची नावे नव्याने ठरवताना कडाक्याच्या वादांसाठी 'टॉक' हा वेगळा विभागच काढला गेला. तरीही एप्रिल १९९४ मध्ये ॲरिझोनातील एका वकील दांपत्याने ग्रीन कार्ड सोडतीची जाहिरात ५ हजारांहून अधिक गटांत टाकलीच. संतापलेल्या सदस्यांनी इतक्या तक्रारी धाडल्या, की त्या दांपत्याला जोडणी पुरवणाऱ्या कंपनीचा संगणकच कोलमडला. खरी गंमत (की शोकांतिका?) मला पुढे दिसते: 'हे येथे नको' असे बजावणारी उत्तरेही त्याच गटांत, सर्वांच्या माथी, पडत राहिली. मूळ जाहिरात एक कळ दाबून ओलांडता येत होती, ही उपदेशमाला मात्र संपता संपत नव्हती.

– एक वाचक, ठाणे