ऑक्टोबरच्या बेताविषयी आई-बाबांना पत्र

अटलांटा,
१५ जून २०२५

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

मागच्या फोनमध्ये बाबांनी विचारले होते की, मासे धरायला जाणारा माणूस चार पैसे मिळवतो, मग तुम्ही उलट पैसे मोजून कसे जाता? या प्रश्नाचे उत्तर फोनवर धड देता आले नसते. शिवाय ऑक्टोबरमध्ये तुम्ही इकडे याल तेव्हा तुम्हालाही तिथे न्यावे असे आमच्या मनात आहे, म्हणून सगळा प्रकार आधीच सविस्तर कळवते.

आम्ही गेलो होतो ते गाव डेस्टिन. फ्लोरिडाच्या वायव्य किनाऱ्यावर, मेक्सिकोच्या आखाताच्या काठी ते वसले आहे. इथून गाडीने साडेपाच-सहा तास लागतात आणि वाटेत घड्याळ एक तास मागे जाते, त्यामुळे पहाटेची बोट गाठणे फारसे जड जात नाही. बंदरात दोन तऱ्हेच्या बोटी असतात. मोठ्या बोटीवर माणशी तिकीट काढून पन्नास-साठ अनोळखी माणसांबरोबर कठड्याला उभे राहायचे. चार्टर म्हणजे अख्खी बोट तांडेल आणि खलाशासकट आपल्यापुरती भाड्याने घ्यायची. छोट्या चार्टरवर सहाच प्रवासी घेता येतात, कारण तिथल्या तटरक्षक दलाकडून तांडेलाला मिळणारा साधा परवाना तेवढ्यांपुरताच असतो. आम्ही दोन कुटुंबे मिळून सहाजण होतो. गळ, दोर, शिसे, आमिष, बर्फ असे सगळे बोटीवरच मिळते आणि मासेमारीचा वेगळा परवानाही आपल्याला काढावा लागत नाही, तो बोटीच्या परवान्यातच येतो. न्यायचे ते पाणी आणि डबा. केळी मात्र न्यायची नाहीत; ती बोटीवर अपशकुनी समजतात आणि याबाबतीत तिथले तांडेल आपल्या कोकणातल्या कुणालाही हार जाणार नाहीत.

बंदरातून बाहेर पडले की उजव्या हाताला मोठा पूल राहतो आणि बोट डावीकडे वळून ईस्ट पास नावाच्या मुखातून दगडी बंधाऱ्यांच्या मधून आखातात शिरते. तिथे वाळूचा दांडा सतत सरकत असतो, म्हणून तांडेलाची नजर पाण्यावरून हलत नाही. आई, बोट हलते ती तिथेच. पुढे उन्हाळ्यात आखात बहुधा शांत असते. किनाऱ्यालगतचे पाणी हिरवेगार दिसते, कारण तळाची वाळू गारगोटीची, पांढरीशुभ्र आहे. ॲपलाचियन डोंगरांतून नद्यांनी युगानुयुगे वाहून आणलेली ही वाळू. डेस्टिनचे खरे भाग्य असे की खोल पाणी तिथून जवळ आहे, त्यामुळे अर्ध्या दिवसातही शंभर फूट खोलीवर गळ सोडून परत येता येते.

आम्ही गेलो होतो रेड स्नॅपरसाठी. बाबा, ही आपल्या तांबोशीची सख्खी चुलत बहीण समजा. आपल्याकडे १ जूनला मासेमारी बंद होऊन होड्या शाकारल्या जातात आणि नेमक्या त्याच तारखेला तिथल्या चार्टर बोटींचा स्नॅपरचा हंगाम उघडतो. माणशी दोनच मासे ठेवता येतात, तेही सोळा इंचांहून लहान नकोत. तांडेल आणि खलाशी यांना तर स्वतःसाठी एकही ठेवता येत नाही. गळ गोल वळणाचा असतो आणि त्याला झटका द्यायचा नसतो. मासा ओढू लागला की सावकाश दोर गुंडाळत राहायचे, म्हणजे गळ आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. तुमच्या जावयांचा हात सवयीने वर जायचा आणि खलाशी दरवेळी शांतपणे सांगायचा, "नुसते गुंडाळा."

मला सर्वांत पाहण्यासारखे वाटले ते मासा सोडणे. माझ्या गळाला चौदा इंचांचा एक स्नॅपर लागला. इतक्या खोलीवरून वर येताना पाण्याचा दाब कमी होतो, आतली हवेची पिशवी फुगते आणि जठर तोंडातून बाहेर येते. असा मासा तसाच टाकला तर वरच तरंगत राहतो आणि बोटीच्या मागे लागलेले डॉल्फिन त्याला अलगद उचलतात. म्हणून खलाशाने त्याच्या खालच्या ओठाला एक चिमटा लावला, चिमट्याला जड शिसे बांधले आणि दोर सोडला. ठरलेल्या खोलीवर पाण्याच्या दाबाने चिमटा आपोआप उघडतो आणि मासा आपल्या जागी मोकळा होतो. असे साधन किंवा हवा काढायची सुई बोटीवर तयार ठेवणे २०२२ मध्ये कायद्याने सक्तीचे झाले. आम्ही पैसे मोजले ते मुख्यत्वे या सगळ्या जाणकारीचे, बाबा. नुसते मासेच हवे असते तर बाजारात ते कितीतरी स्वस्त मिळाले असते.

धक्क्यावर परतल्यावर खलाशी मासे साफ करून देतो. भाड्याच्या पंधरा-वीस टक्के बक्षिसी त्यालाच द्यायची असते आणि त्याची खरी कमाई तीच. तो फक्त काट्याविरहित तुकडे काढतो. डोकी आणि काटे बाजूच्या पेलिकन पक्ष्यांच्या वाट्याला जातात. आम्ही डोकी मागितली तेव्हा त्याने आधी आश्चर्याने पाहिले आणि मग आनंदाने पिशवी भरून दिली. आई, त्या रात्री भाड्याच्या घरात तू दिलेली तिरफळे आणि कोकम घालून डोक्यांचे कालवण केले. तिरफळे संपली आहेत, येताना आणावीत.

आता ऑक्टोबरचे. स्नॅपरचा हंगाम मुख्यतः उन्हाळ्यात असल्याने तेव्हा तो बहुधा बंद असेल, पण मिंगो नावाचा लहान तांबडा मासा आणि सुरमईच्या कुळातला किंग मॅकरल मिळतो. शिवाय तो महिनाभर तिथे मासेमारीची स्पर्धा चालते. १९४८ पासूनची ही स्पर्धा आहे आणि रोज धक्क्यावर सर्वांसमोर मासे तोलतात. बाबांची उभी नोकरी गोदीत गेली, म्हणून आणखी एक सांगते: १९५२ साली पहिल्याच सफरीत अटलांटिक सर्वांत वेगाने ओलांडण्याचा विक्रम करणारे 'युनायटेड स्टेट्स' हे ९९० फुटांचे जहाज डेस्टिनच्या कौंटीने, म्हणजे जिल्हा प्रशासनाने, विकत घेतले आहे. ते डेस्टिनजवळच्या समुद्रात बुडवून माशांसाठी कृत्रिम प्रवाळखडक करायचा असे ठरले आणि त्यासाठी २०२५ मध्ये पश्चिमेला मोबील बंदरात त्याची साफसफाई सुरू झाली.

आईला बोट लागते हे लक्षात आहे. तिच्यासाठी आखाताऐवजी चॉक्टाहॅची खाडीतली चार तासांची फेरी घेता येईल. तिथे लाटा जवळजवळ नसतात आणि बसायला सावलीही मिळते. बाबांनी मात्र पाठीचे दुखणे डॉक्टरांना आधी दाखवून घ्यावे, कारण लाटेवर बोट आपटली की धक्का थेट कंबरेत बसतो. स्पर्धेमुळे ऑक्टोबरात चांगल्या बोटी लवकर भरतात, तेव्हा दोघे आखातात येणार, की आई आणि मी खाडीत आणि बाकीचे बाहेर, हे या महिनाअखेरपर्यंत कळवावे, म्हणजे आगाऊ रक्कम भरता येईल.

कळावे, लोभ असावा.
तुमची,
ताई