टार्नीट: घरे आधी, रस्ते मागाहून

महोदय,

ऑस्ट्रेलियात जागा मुबलक आणि माणसे थोडी, हा आपल्याकडचा समज मेलबर्नच्या पश्चिमेला विंडहॅम या नगरपालिका क्षेत्रात टिकत नाही. २०११ च्या जनगणनेत येथे सुमारे १ लाख ६१ हजार लोक होते. २०२१ मध्ये २ लाख ९२ हजार. त्यातल्या टार्नीट या उपनगरात भारतीयांची वस्ती मोठी, मराठी घरेही बरीच. नुसत्या नकाशावर प्लॉट बघून पैसे भरलेले कितीतरी जण भेटतात. मेंढ्यांच्या कुरणांवर आता घरे अशी खेटून उभी आहेत, की शेजारच्या फोडणीत लसूण आहे की हिंग, ते घरबसल्या कळावे!

घरे वाढली याबद्दल तक्रार नाही. तरुण जोडप्याने शहराजवळ घर घ्यायचे म्हटले तर परवडते कुठे? दुखणे रेल्वेगाडीचे आहे. स्थानक २०१५ मध्ये झाले, पण तेथून धावतात जिलाँग शहराच्या मार्गावरच्या डिझेल गाड्या. विजेची लोकल नाही. सकाळी उभे राहायलाही जागा मिळवावी लागते. (मुंबईकराला यात नवल नाही, पण तो इथे त्यासाठी आलेला नसतो.)

वाढत्या पट्ट्यातील जमिनींवर राज्य सरकार २०१० पासून पायाभूत सुविधांसाठी वेगळा आकार घेते. तो पैसा लोक राहायला येण्याआधी रस्त्यांवर, गाड्यांवर खर्च व्हायला हवा. तोवर येथे घर बघायला येणाऱ्यांनी रविवारी नमुना-घर पाहून भाळू नये. सोमवारी सकाळी स्थानकावरही एक चक्कर मारावी.

– एक वाचक, टार्नीट, मेलबर्न