तळं, बगळा आणि चार हजार फोटो

प्रिय मित्रा,

तुझं पत्र येऊन आठवडा झाला. ‘तू निसर्ग सोडलास आणि स्क्रीनपुढे बसलास’ हे वाक्य मनाला फार लागलं. तू म्हणालास म्हणूनच लागलं.

आठवतं का, ३६ फोटोंचा रोल आपण किती जपून वापरायचो? आणि डार्करूममध्ये हाताच्या आडोशाने डोंगर झाकून आकाशाला जास्तीचा उजेड द्यायचो, म्हणजे ढग उठून दिसायचे. त्याला आपण कधी खोटं म्हटलं नाही. अमेरिकेतला निसर्गाचे फोटो काढणारा अ‍ॅन्सल अ‍ॅडम्स, त्याने १९२७ साली योसेमिटीतल्या हाफ डोम या कड्याचा फोटो आधी पिवळा फिल्टर लावून काढला, पण मनात जे दाटलं होतं ते त्यात येणार नाही असं त्याला वाटलं. फोटो घ्यायची शेवटचीच काचेची प्लेट उरली होती. त्याने गडद लाल फिल्टर लावला आणि आकाश जवळजवळ काळं आलं. तसं आकाश त्या दुपारी डोळ्यांना दिसत नव्हतं, तरी तो कडा खराच आहे.

तुझ्या नव्या कॅमेऱ्याचंही तेच. बहुतेक सेन्सरमधला एकेक पिक्सेल लाल, हिरवा, निळा यांपैकी एकच रंग मोजतो. बाकीचे दोन शेजाऱ्यांवरून हिशेबाने भरतात.

आता मी काय करतो ते सांगतो. तळ्याकाठी ट्रायपॉड लावून पहाटेपासून संध्याकाळपर्यंत बारा तास, दर दहा सेकंदांनी एक फोटो. झाले ४,३२०. मग कॉम्प्युटरवर प्रत्येकातून त्याच जागेची, एकच पिक्सेल रुंदीची उभी पट्टी कापायची आणि क्रमाने शेजारी-शेजारी लावायची. डावीकडे पहाट, उजवीकडे तिन्हीसांजा. जे स्थिर राहिलं ते पसरतं, जे भर्रकन गेलं त्याची केसाएवढी रेघ उरते. राखी बगळा चाळीस मिनिटं उभा होता, त्याचा २४० पिक्सेलचा पट्टा झालाय. त्या पट्ट्यात एका ठिकाणी राखाडी रंग अचानक खाली उतरतो. तिथे त्याने मान घातली होती पाण्यात!

पहिल्या खेपेला ट्रायपॉडचा पाय ओल्या मातीत हळूहळू रुतत गेला, काठाची रेघ तिरकी झाली आणि अख्खा दिवस फुकट गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो.

पूर्वी तासन्‌तास वाट पाहून मी एक क्षण घरी आणायचो आणि वाट पाहणं तिथेच टाकून यायचो. आता तेही कागदावर येतं. एवढ्यासाठीच मी इकडे वळलो. ज्या तळ्याकाठी मी बसलोच नाही, त्याचं चित्र मात्र नुसती वाक्यं टाइप करून मला करवत नाही. करणारही नाही.

प्रिंट वेगळी पाठवतोय. बगळ्याच्या पट्ट्यानंतर थोडं उजवीकडे भिंग धरून बघ. तिथे एकच निळी रेघ आहे. खंड्या दिवसभरात माझ्यासमोरून कितीदा तरी गेला, सापडला तेवढाच. दिसला की लगेच कळव.

तुझाच,
जुना सोबती